पासपोर्टावरचं कुंकू

माणूस जन्मला याचा पुरावा म्हणजे जन्मदाखला आणि तो अजून जिवंत आहे याचा पुरावा म्हणजे मुदतीतला पासपोर्ट, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या इंग्लंडात एकच असेल, आणि ते माझे मामा आहेत. श्वास, नाडी वगैरे गोष्टी त्यांच्या लेखी दुय्यम. नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात त्यांनी जन्मभर पेशंटांच्या फायली सांभाळल्या. निवृत्त झाले, फायली सुटल्या, पण हात काही स्वस्थ बसेनात. मग त्यांनी नातेवाइकांना फायली लावायला सुरुवात केली. मी राहते मेडनहेडला, म्हणजे त्यांच्यापासून गाडीनं चांगली अडीच तासांवर, पण माझं लग्नाचं सर्टिफिकेट कुठल्या कपाटात आहे हे मला नाही, मामांना ठाऊक असतं. दरवेळी मीच त्यांना फोन करून विचारते आणि दरवेळी बोलणी खाते.

त्यांच्याकडे एक निळी वही आहे. तिच्यात इथल्या तमाम ओळखीच्या मराठी माणसांच्या पासपोर्टांच्या मुदती लिहिलेल्या आहेत. वाढदिवसाचा फोन ते याच वहीसमोर बसून करतात. माझ्या चाळिसाव्या वाढदिवसाला भल्या सकाळी फोन आला, "अनेक उत्तम आशीर्वाद गं बाळ. आता नऊ महिने राहिले." मी मटकन खुर्चीतच बसले. डॉक्टरांनी मला न सांगता मामांना काही कळवलं की काय! पासपोर्टाचे नऊ महिने म्हणतायत हे कळेपर्यंत नवऱ्यानं मला पाणी पाजलं होतं. आणि कुठलाही कागद ते एकटा राहू देत नाहीत, त्याला दोन झेरॉक्सची सोबत लागतेच. वर लॅमिनेशनचं मशीन घरात. मामींनी श्रीखंडाचं प्रमाण एका पाकिटाच्या मागे लिहून ठेवलं होतं, तेसुद्धा एके दिवशी प्लास्टिकमध्ये कडक होऊन बाहेर आलं. मामी म्हणाल्या, "उद्या मला घालतील त्यात."

इमिग्रेशनच्या खिडकीपुढे मामा उभे राहिले की पाहण्यासारखं असतं. समोरच्यानं "किती दिवस राहणार?" एवढंच विचारलेलं असतं. मामा उत्तराला सुरुवात करतात ती आपल्या वडिलांच्या पोस्टातल्या नोकरीपासून. कागद मागायच्या आत पुढे सरकवतात, आणि तो नको म्हणाला तर मनातून दुखावतात. एकदा झुरिकच्या विमानतळावर एका बिचाऱ्या ऑफिसरनं हात जोडून त्यांना पुढे जायला सांगितलं होतं. मामा आजही सांगतात, "बघ, स्विस माणूस असून नमस्कार केला त्यानं."

पण या सगळ्यावर कळस म्हणजे खंडेनवमी. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा करतात. सुतार करवतीची करतो, डॉक्टर स्टेथोस्कोपची करतो. मामा घरातल्या सगळ्या पासपोर्टांची करतात. "परदेशातल्या माणसाचं हत्यार हेच," असं त्यांचं म्हणणं. पाटावर सगळे पासपोर्ट फोटोच्या पानावर उघडून मांडायचे, प्रत्येक फोटोच्या कपाळाला ओल्या बोटानं कुंकू लावायचं, वर एकेक झेंडूचं फूल. मामींचा पासपोर्टातला चेहरा मुळातच रागीट आला आहे. कुंकू लावल्यावर तो साक्षात चंडिकेचा दिसतो. आणि हे कुंकू नंतर कुणी पुसायचं नाही. वाहिलेलं कुंकू पुसणं म्हणजे भलतंच अशुभ. आपोआप झडेल तेवढं झडू द्यायचं.

मामांना नात एकच, तारा. वय वर्षं नऊ, नॉटिंगहॅममध्येच जन्मली. आई म्हणजे माझी मामेबहीण शिल्पा आणि वडील डेक्लन, डब्लिनचा, इथे शाळेत मुलांना गणित शिकवतो. लग्नाला मामांनी चकार शब्दानं विरोध केला नव्हता. उलट जावयाच्या कागदपत्रांवर ते बेहद्द खूश होते. ठिणगी पडली चार वर्षांपूर्वी. ताराकडे ब्रिटिश पासपोर्ट होताच, डेक्लननं तिचा आयरिश पासपोर्टही काढला. बाप आयरिश म्हणून मुलगी आयरिश. त्यात दोन्ही देशांना काही वावगं वाटत नाही. वाटलं ते फक्त मामांना. "एवढ्याशा पोरीला दोन-दोन देश कशाला लागतात?" म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांनी जावयाशी बोलणं टाकलं.

आता जावयाशी बोलणं टाकायचं म्हणजे मराठी सासऱ्याची पंचाईतच. जावयाचा मान तर राखायला हवा! त्यामुळे दिवाळीला डेक्लनला पहिलं ताट, सगळ्यात मोठा अनारसा आणि शब्द एक नाही. डेक्लन हातभर अंतरावर बसलेला असताना मामा माझ्याकडे बघून मराठीत म्हणणार, "त्यांना विचार, तूप हवं का." डेक्लनला इतक्या वर्षांत जेवणापुरतं मराठी चांगलं यायला लागलंय. तो ताटाकडे बघत म्हणायचा, "हो, चालेल." मग मामा मला सांगणार, "वाढ त्यांना." तीन वर्षं हा टपालखात्याचा उद्योग मी केला. शेवटी शेवटी मला तुपाचाच राग यायला लागला होता.

गेल्या वर्षी जर्मनीहून मोठ्या मावशीचा फोन आला. मोठी मावशी म्हणजे मामांची थोरली बहीण, त्यांची आक्का, स्टुटगार्टला मुलाकडे असायची. आई लवकर गेल्यामुळे मामांना तिनंच वाढवलं. वय शहाऐंशी, हृदय थकलेलं, डॉक्टरांनी आता फार दिवस नाहीत असं स्पष्टच सांगितलेलं. पण जिभेला काही झालेलं नव्हतं. व्हिडिओवर मामांना म्हणाली, "तुझ्या नातीला मी या खिडकीतच बघत राहायचं का रे? हात लावून बघायचंय मला तिला. आणायची असेल तर आत्ता आण. नंतर आणलीस तर मी उठून बसणार नाही." मामा फोन ठेवून परसात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

ठरलं. पुढच्या शनिवारी मामा, तारा आणि सोबतीला मी. मामींचे गुडघे चालत नाहीत आणि शिल्पाला हॉस्पिटलातल्या नोकरीतून रजा मिळेना. नात आई-बापांशिवाय प्रवास करणार, म्हणून दोघांच्या सह्यांचं संमतिपत्र, तीन प्रती, अर्थातच लॅमिनेट केलेल्या. शिल्पा म्हणाली, "बाबा, तिचे दोन्ही पासपोर्ट घेऊन जा ना." मामा म्हणाले, "तो दुसरा माझ्या बॅगेत येणार नाही." जागा नव्हती असं नाही. त्याच बॅगेत मावशीसाठी मामींनी केलेल्या दशम्यांचा डबा होता, चटणीचे दोन प्रकार होते आणि एक पोळपाट होता. पोळपाट का, ते मी विचारलं नाही.

विमान सव्वाबाराचं, बर्मिंगहॅमहून. आम्ही आठ वाजता काउंटरसमोर हजर. तिथे लाइट लागायचे होते. दहाला एक तरुण मुलगी येऊन बसली. मामांनी तिला आधी गुड मॉर्निंग, मग तिन्ही पासपोर्ट, मग संमतिपत्र, मग दुसरं संमतिपत्र दिलं. ताराचा पासपोर्ट उघडून ती मुलगी थबकली. म्हणाली, "इथे काहीतरी सांडलंय."

झालं होतं असं, की तारा मोठी झाल्यावर तिनं आजोबांना बजावलं होतं, "माझ्या फोटोवर नको लावू, मी जोकर दिसते." नातीचा शब्द मोडवत नाही आणि कुंकवाशिवाय पूजाही होत नाही, म्हणून मामा तिच्या पासपोर्टाला बाजूला, जरा खालच्या अंगाला बोट टेकवत. तिथे नेमकी मुदतीची तारीख असते. त्या मुलीनं टिश्यू पेपर काढला. मामा ओरडले, "नो, मॅडम! प्लीज! वन डज नॉट वाइप कुंकुम!" मागची सगळी रांग आमच्याकडे बघायला लागली. पण तोवर तिनं पुसलं होतं, आणि तारीख लख्ख दिसली. पासपोर्ट संपून चार महिने झाले होते.

मामांनी खिशातून निळी वही काढली. भराभर पानं उलटली. वहीत ताराच्या नावापुढे पाच वर्षं पुढची तारीख होती. आजोबांनी आणि नातीनं पासपोर्ट एकाच दिवशी काढले होते, म्हणून मामांनी दोघांची नोंद एकाच ओळीत केली होती. मोठ्यांचा दहा वर्षांचा आणि मुलांचा पाचच वर्षांचा असतो हे जगाला सांगत फिरणारा माणूस! स्वतःच्या नातीचा पासपोर्ट वेगळा कशाला संपेल, असंच बहुधा त्यांना आत कुठेतरी वाटलं असणार. ती मुलगी भली होती. म्हणाली, "यावर जाता येणार नाही, सॉरी. तिच्याकडे दुसरा कुठला पासपोर्ट आहे का? काउंटर सव्वाअकराला बंद होतो."

मामा माझ्याकडे बघायला लागले. "शिल्पाला फोन लाव."

"ती ड्यूटीवर आहे मामा, तिचा फोन लॉकरमध्ये असतो."

"मग तू त्यांना फोन कर."

माझं टाळकंच सटकलं. "मी नाही करणार! तीन वर्षं तुमचे निरोप पोचवतेय मी. तिकडे मावशी दाराकडे डोळे लावून बसलीय आणि तुम्ही अजून 'त्यांना सांग'च करताय? तुमची बहीण, तुमची नात, तुमचा जावई. करा तुम्ही!"

तारा बॅगेवर बसून पाय हलवत होती. म्हणाली, "आजोबा, डॅडला फक्त सॉरी म्हण. तो लगेच ऐकतो."

मामांनी फोन लावला. फोनवर बोलताना ते ताठ उभे होते, शाळेत राष्ट्रगीताला उभे राहतात तसे. "हॅलो. धिस इज ताराज ग्रँडफादर." जणू ताराला दहा-बारा आजोबा होते. मग घसा खाकरून झाला, इकडेतिकडे पाहून झालं. "डेक्लन, आय मेड अ मिस्टेक," एवढंच म्हणाले. वहीच्या त्या माणसाच्या तोंडून हे वाक्य मी तरी कधी ऐकलं नव्हतं. पुढे पासपोर्टाचं सांगून व्हायच्या आतच पलीकडून किल्ल्यांचा आवाज आला.

नॉटिंगहॅमहून यायला तास तरी लागतोच. तो तासभर मामा काचेच्या दाराशी उभे. बसा म्हटलं, बसले नाहीत. चहा आणला, तो हातात गार झाला. एकदाच म्हणाले, "आक्काला मी काय तोंड दाखवू?" मला मघाच्या बोलण्याचं फार वाईट वाटायला लागलं, पण माफी मागायला मी तरी कुठे शिकलेय!

अकरा वाजून सात मिनिटांनी डेक्लन पळत आला. पायात घरातल्या सपाता, शर्ट उलटा. पासपोर्ट मामांच्या हातात दिला आणि गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत राहिला. मामा त्याच्याकडे बघत होते. मला वाटलं, आता माझ्याकडे वळून म्हणणार, त्यांना थँक यू सांग. पण ते सरळ त्याला म्हणाले, मराठीत, "नाश्ता केलास का रे?"

"नाही, मामा."

मामांनी तिथेच, काउंटर बंद व्हायला सहा मिनिटं उरलेली असताना, बॅग उघडली. पोळपाट बाहेर काढला, डबा काढला आणि बहिणीच्या दशम्यांतल्या दोन डेक्लनच्या हातावर ठेवल्या. तो उभ्याउभ्याच खायला लागला. डोळे पुसत होता की कपाळावरचा घाम, मला नीट दिसलं नाही. आम्ही सुरक्षा तपासणीच्या रांगेला लागलो तेव्हा मामा तो मरून रंगाचा आयरिश पासपोर्ट उलटसुलट करून बघत होते. "वीणा आहे गं यावर," वरच्या आयरिश हार्पवर बोट ठेवून हळूच म्हणाले. "छान काढलीय."

मावशीनं ताराला हात लावून पाहिलं. केस, कान, दंड, सगळं. म्हणाली, "हाडं आपल्याकडची आहेत, रंग जावयाचा." तारा तिच्या पलंगावर चढून बसली आणि दोघींनी मिळून दशम्या खाल्ल्या. दोन कमी भरल्या हे मावशीच्या लक्षात आलं. तिनं विचारलं, मामांनी सगळं सांगितलं, आणि मावशी हसून हसून खोकली. आम्ही परतल्यावर तीन आठवड्यांनी ती गेली.

परतीच्या विमानात तारा मामांच्या खांद्यावर झोपली होती. मामा खिडकीबाहेर बघत अचानक बोलायला लागले. "मी इथला झालो ना, तेव्हा आपला जुना पासपोर्ट परत द्यावा लागला. दोन ठेवता येत नाहीत आपल्याला. लंडनला जाऊन रांगेत उभा राहिलो. त्या माणसानं माझ्यासमोर त्याच्यावर शिक्का मारला, रद्द म्हणून. तो पासपोर्ट काढायला मला आक्का घेऊन गेली होती, बांगडी मोडून. घरी आलो, जेवलो नाही. मामीला सांगितलं, पित्त झालंय." मग म्हणाले, "डेक्लनचा मला राग नव्हता गं आला. या पोरीला कुणी काही सोडायला लावलं नाही. एक मिळालं आणि दुसरंही राहिलं. मला हेवा वाटला तिचा. नातीचा हेवा वाटतो, हे कुणाला सांगायचं?"

मी मामांचा हात धरून बसले. दुसरा हात त्यांनी हलवला नाही, तारा जागी होईल म्हणून.