खुर्चीतली झोप

नारायण पेठेतल्या आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाई उशिरा आलेल्या पेशंटला दारातूनच परत पाठवतात. मला त्यांची धास्तीच.

माझी मुलगी तोंड उघडं टाकून झोपायची, घोरायची, श्वास अडकून दचकायची. आम्ही कौतुकानं म्हणायचो, आजोबांवर गेलीय. दात दाखवायला नेलं तेव्हा बाईंनाही तेच सांगितलं. त्यांनी तिचं तोंड तपासलं. "आजोबांना राहू द्या. हिचा वरचा जबडा अरुंद आहे, श्वासाला वाट नाही." नाक-घशाच्या डॉक्टरांशी बोलून त्यांनी जबडा हळूहळू रुंद करणारी तार टाळूला बसवली.

काही महिन्यांनी तपासणीला गेलो, तर मुलगी खुर्चीतच झोपली. ओठ मिटलेले, घोरणं नाही. मी उठवायला लागलो, तसा बाईंनी माझा हात धरला. मग बाहेर जाऊन ताटकळलेल्या पेशंटना म्हणाल्या, "आज उशीर मी करणार आहे. आत एक मुलगी तोंड मिटून झोपलीय."