ओरडण्याआधीचं बोलणं

कांचनचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. पोळ्या, डबे, सासऱ्यांचं गरम पाणी, आणि उजाडता उजाडता ती आलमबागच्या मेट्रो स्टेशनवर उभी. लखनौच्या महानगर नावाच्या वस्तीतल्या एका खासगी शाळेत तिसरी ब तिच्याकडे होती. वर्गात खुर्ची होती, पण तिसरीच्या वर्गाचं काम खुर्चीत बसून होत नाही. होतं असं ज्याला वाटतं, त्याने एक दिवस करून पाहावं.

नोकरी हंगामी होती. लग्न होऊन अकोल्याहून लखनौला आली तेव्हा तिचं बी.एड. अर्धवट सुटलं. आता दूरशिक्षणाने ते पुरं करायचं, तर सलग दोन वर्षं शिकवल्याचा दाखला लागणार होता. एक वर्ष झालं होतं. दुसरं मार्चला भरायचं. मध्येच काढलं, तर पुन्हा पहिल्यापासून.

आणि काढण्याची वेळ आली, ती वर्गातल्या पूर्वामुळे.

पूर्वाचे वडील हवाई दलात, कोल्हापूरकडचे. जुलैत बदली झाली. क्वार्टर मिळेपर्यंत शाळेजवळच भाड्याने राहिले. पोरीला हिंदी कळायची, बोलताना अडायचं. पहिला महिना ती गप्प होती. मग बाकं ढकलणं, वह्या भिरकावणं सुरू झालं. सप्टेंबरात तिने स्टीलची बाटली फेकली. ती राघव नावाच्या मुलाच्या भुवईला लागली आणि टाके घालावे लागले.

मॅनेजर साहेबांनी कांचनला उभ्याउभ्याच सुनावलं. "मैडम, हाफ-इयरली तक क्लास सँभाल लीजिए. नहीं तो हम दूसरी टीचर देख लेंगे."

कांचन हात बांधून बसली नव्हती. पूर्वाने काही केलं की ती तिला बाहेर व्हरांड्यात न्यायची, रागवायची, घसा बसेपर्यंत समजवायची. वर्गात मात्र तिच्याशी मराठीचं एक अक्षर बोलायची नाही. पूर्वा आली तेव्हाच स्टाफरूममध्ये कुणी तरी म्हणालं होतं, "आपके देस की बच्ची आ गई, अब तो वही फर्स्ट आएगी." सगळे हसले. कांचनही हसली, पण ते बोलणं मनात रुतून बसलं. आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून ती पूर्वाशी इतरांपेक्षा कोरडी राहायची.

मुख्याध्यापिका रिझवी मॅडम जुन्या होत्या. त्यांनी कांचनला बोलावलं. "अकेले मत जूझिए. मिलकर देखते हैं."

आठवडाभर त्या रोज एका तासाला मागच्या बाकावर बसल्या. खेळाचे यादव सर मैदानावरून व्हरांड्याकडे लक्ष ठेवून होते. दोघांनी एवढंच पाहायचं, की पोर बिथरते त्याच्या आधी काय झालं आणि नंतर काय होतं. कांचनला मात्र वाटायचं, हे आपल्यालाच तपासतायत.

शनिवारी सगळे मॅडमच्या खोलीत बसले. पूर्वाची आई मनीषाही आली होती. कोपऱ्यातल्या खुर्चीत पदर घट्ट धरून बसली होती.

यादव सरांनी खाकरून सुरुवात केली. "कांचन मैडम, बुरा मत मानिएगा. बच्ची बाहर जाते वक्त रोती नहीं. आप आगे-आगे, वो पीछे-पीछे, जैसे मेला देखने जा रही हो."

कांचन उसळली. "यानी मैंने बिगाड़ा है उसे?"

"कोई नहीं कह रहा," रिझवी मॅडम म्हणाल्या. "बाहर आप उससे क्या कहती हैं?"

"डाँटती हूँ. मराठी में. गुस्से में वही निकलती है."

मनीषाने मान वर केली. "अहो बाई, म्हणूनच ती घरी येऊन सांगते होय?"

"काय सांगते?"

"आज बाई माझ्याशी बोलल्या, म्हणून. एखाद्या दिवशी येते तोंड पाडून, म्हणते आज नाही बोलल्या. मला वाटलं, तुम्ही जीव लावलाय तिला. ती बाटली लागली ना, त्या दिवशी म्हणाली, आज तर लई वेळ बोलल्या."

"क्या कह रही हैं?" मॅडमनी विचारलं.

कांचनला ते सगळं स्वतःच्या तोंडाने हिंदीत सांगावं लागलं.

मग चौघांनी मिळून ठरवलं. कांचनने रोज सकाळी घंटेआधी फाटकापाशी पूर्वाशी मराठीत बोलायचं, आदल्या दिवशी तिने काहीही केलेलं असो. वर्गात वस्तू फेकली तर बाहेर न्यायचं नाही, मराठी नाही, दोन शब्द हिंदीत आणि पुढे शिकवणं. पोर आवरेनाशी झाली तर यादव सरांनी येऊन जवळ थांबायचं. पूर्वाच्या शेजारी वर्गातल्या बोलक्या आर्याला बसवायचं. घरी मनीषाने रोज तिच्याकडून थोडं हिंदी बोलून घ्यायचं.

"पहले बढ़ेगा," रिझवी मॅडमनी बजावलं. "डटे रहिएगा."

सोमवारी सकाळी बोलणं झालं. तरी तिसऱ्या तासाला बाक सरकलं.

"बेंच सीधी करो," म्हणून कांचन फळ्याकडे वळली.

बाक पुन्हा सरकलं. मग कंपासपेटी भिंतीवर आपटली. मुलं बावरून गप्प झाली. नेमके मॅनेजर साहेब व्हरांड्यातून चालले होते. ते दारात थांबले.

पूर्वा बाकावर चढली. चेहरा लालबुंद. "ओरडा की मला, बाई! ओरडा की!"

मुलांना कळलं नाही. कुणी तरी हसलं.

"मैडम, देख क्या रही हैं? निकालिए इसे बाहर!" साहेब दारातून म्हणाले.

दार चार पावलांवर होतं. पोरीचा हात धरायचा, बाहेर न्यायचं, की वर्ग शांत, साहेब खूश. कांचनने डस्टर मुठीत आवळलं.

"नहीं सर. बाहर नहीं जाएगी." कांचन म्हणाली.

यादव सर धावत आले आणि काही न बोलता पूर्वाच्या बाकाजवळ उभे राहिले. कांचनने पाढा पुढे चालू केला. साहेब निघून गेले. शब्दही बोलले नाहीत, त्याचाच धसका जास्त. पूर्वा बाकाखाली शिरली, ती घंटा होईपर्यंत बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी कांचन फाटकापाशी उभी होती. पूर्वा आली. बघेना.

"डब्यात काय गं आज?"

पूर्वा दप्तराचा पट्टा ओढत राहिली.

"माझ्या डब्यात दुधी आहे. तोही कालचा."

"शी!" पूर्वाच्या तोंडून निसटलं. मग बुटाकडे बघत म्हणाली, "मला थालीपीठ."

"अर्धं देशील?"

"बघू."

तो आठवडा कठीण गेला. पुढचाही फार सोपा नव्हता. एकदा तिने यादव सरांना बूट फेकून मारला. ते म्हणाले, थ्रो अच्छा है, मैदान में आया करो. ती जायलाही लागली. हळूहळू वर्गात वस्तू कमी उडू लागल्या. एके दिवशी तिने आर्याकडे हिंदीतून रबर मागितला, न अडता.

सहामाहीच्या आधी मॅनेजर साहेब येऊन एक पूर्ण तास मागे उभे राहिले. कांचनने त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाही. जाताना ते म्हणाले, "चलिए. मार्च तक पढ़ाइए."

मार्चअखेर दाखला हातात पडला. अर्ज भरायच्या वेळी नवरा अभिराम म्हणाला, "फी मी भरतो ना."

"नको," कांचन म्हणाली. "दोन वर्षं उभी मी राहिलेय."

आणि बी.एड.ची फी तिने आपल्या पगारातून भरली.