बॅन, बॅन्स आणि आमच्या टीचर

फिलोमिना टीचर आज सकाळी गेल्या.

त्या नसत्या तर मी भर चर्चमध्ये एका मुलीच्या लग्नाचा तमाशा केला असता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सेकंड इयरला मी कॉलेज सोडलेलं. कारण एवढंच, की प्रोफेसर मला सगळ्यांसमोर बोलला आणि माझं डोकं फिरलं. तेव्हा ते कशानेही फिरायचं.

वडील म्हणाले, "निदान इंग्लिश शीक. गल्फला तरी जाशील." आणि टीचरांकडे धाडलं.

भुईगावात त्यांच्या ओटीवर शिकवणी चालायची. विड्याच्या पानांच्या जुड्या बांधता बांधता त्या शिकवायच्या. रोज एक इंग्लिश शब्द. "स्थळ बघताना घराणं काढता ना? तसं शब्दाचं काढा."

तिथेच लीना यायची.

मी तिच्यावर मरतो, हे क्रिकेटच्या ग्राउंडवर सगळ्यांना माहीत होतं.

मग एका रविवारी मिस्सात, म्हणजे चर्चच्या प्रार्थनेत, फादरनी तिचं नाव पुकारलं. मुलगा निर्मळ गावचा. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार वधूवरांची नावं चर्चमध्ये वाचतात. बॅन्स. कुणाची हरकत असेल तर कळवा, म्हणतात.

मी पोरांना म्हटलं, पुढच्या रविवारी उभा राहतो आणि ओरडून सांगतो, माझी हरकत आहे.

दुसऱ्या दिवशी टीचरांनी मला समोर बसवलं.

"काय हिरो, बॅन म्हणजे काय?"

"बंदी."

"ती मागून आली. आधी नुसतं पुकारणं. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगणं. त्यातून हुकूम झाला, हुकमातून बंदी. पेपरात बंदी उरली, चर्चमध्ये पुकारणं उरलं. आणि बँडिट?"

"डाकू."

"त्याच घरातला. नाव पुकारून गावाबाहेर काढलेला. म्हणजे रविवारनंतर तू."

मी उठायला लागलो, त्यांनी परत बसवलं.

"बॅनल, म्हणजे मामुली, तोही त्यातलाच. जहागीरदाराची गिरणी, सगळ्या गावाने तिथेच दळायचं, असा हुकूम. सगळ्यांचं ते मामुली. तुझ्या प्रेमासारखं. ग्राउंडवरचा कुत्रासुद्धा ओळखतो त्याला."

"टीचर, मस्करी नको. माझी हरकत आहे."

"हरकत म्हणजे आधीचं लग्न, जवळचं नातं, जबरदस्ती. मला आवडते, ही हरकत नाही होत, बाबा. जबरदस्ती आहे का तिच्यावर?"

"असेल."

"विचारलंस?"

लीना आत टीचरांच्या आईला पेज भरवत होती. टीचरांनी हाक मारली. ती वाटी हातात घेऊनच बाहेर आली.

"जबरदस्ती आहे का?" मी विचारलं.

"नाही. मीच हो म्हटलं." मग म्हणाली, "तू मला कधी काही बोललास?"

खरंच नव्हतो बोललो. अख्ख्या गावाला सांगितलं, तिला सोडून.

तरी माझं डोकं शांत झालं नाही. उलट जास्तच पेटलं. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून मी पुढच्याच बाकावर बसलो. पोरं मागून माना उंचावून बघत होती.

तेव्हा चर्चमध्ये बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. नवरा-बायकोसुद्धा वेगळे.

फिलोमिना टीचर बायकांच्या बाजूने उठल्या. मधली वाट ओलांडली आणि माझ्याशेजारी येऊन बसल्या.

अख्खं चर्च बघत होतं. फादरसुद्धा क्षणभर थांबले.

टीचरांनी माझं मनगट धरलं.

फादरनी लीनाचं नाव वाचलं. हरकतीचं वाक्य वाचलं.

मनगटावरची पकड घट्ट झाली. मी बसून राहिलो.

रडलो असेन. त्यांनी बघितलं नाही.

बाहेर आल्यावर बायकांनी घेरलं. "टीचर, पुरुषांत कशा बसलात?"

"तिकडे पंखा चालतो," टीचर म्हणाल्या.

हेच उत्तर त्यांनी शेवटपर्यंत दिलं. माझं नाव कधी घेतलं नाही.

टीचर गेल्याचा फोन आज मला लीनानेच केला. "तुला आधी सांगावंसं वाटलं," म्हणाली.

तिने मला फोन करावा एवढं काही आमच्यात उरलं, ते टीचरांमुळे.

संध्याकाळी चार वाजता भुईगावात माती आहे. जमेल त्यांनी या.

टीचर, सुखाने जा. देव तुम्हाला शांती देवो.