पल्लवीला नॉर्वेला पाठवताना

बोडीत, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या तळ्यात, गाळ कधी साचतो ते कुणी पाहत नाही. पाणी आटलं की दिसतो. आमच्या साकोलीच्या क्लबातले किस्सेही तसेच साचलेत. दरवर्षी आम्ही एका विद्यार्थ्याला वर्षभर परदेशी कुटुंबात राहायला पाठवतो. मी कॉलेजात इंग्रजी शिकवते, आणि क्लबात बाई म्हणून चहा सांगायला नकार देते, त्यामुळे तिथे माझं फारसं कुणाशी पटत नाही. यंदा सिहोऱ्याची पल्लवी निवडली गेली, आणि तेव्हा जे माझं डोकं तापलं ते अजून उतरलेलं नाही.

*

निवड झाल्यावर अध्यक्षांनी तिला बोलावून घेतलं. "वडील काय करतात?"

"नदीत मासे धरतेत."

"म्हणजे फिशरीजचा बिझनेस."

"नाही सर. डोंगा आहे, जाळं आहे. आमी ढिवर आहो."

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "तिकडे असं सांगू नको. शेती आहे म्हण. जिल्ह्याच्या इज्जतीचा सवाल आहे."

मी म्हटलं, "जिथे ही जाणार, त्या घरातले आजोबा जन्मभर मासेमारीच्या बोटीवर होते. तेच अभिमानाने सांगतात."

"त्यांचं चालते मॅडम," अध्यक्ष म्हणाले, "ते गोरे आहेत."

*

मग मॅनर्सचं ट्रेनिंग. हायवेवरच्या हॉटेलात काटा-सुरी शिकवायला अध्यक्ष जातीने हजर. त्यांनी कोंबडीच्या तंगडीत काटा खुपसला, सुरी लावली, आणि तंगडी उडून सेक्रेटरीच्या पांढऱ्या शर्टावर! पल्लवी हसली नाही. मी पोटभर हसले.

तिने शांतपणे विचारलं, "सर, तुमी गेलते का तिकडे?"

"नाही."

"मंग तुमाले कोणं शिकवलं?"

ट्रेनिंग तिथेच संपलं.

*

घरची तऱ्हा वेगळीच. मी भेटायला गेले तर तिचा मामा ठाण मांडून बसलेला. "पोरगी वर्षभर परक्याच्या घरी राह्यणार. पहिले सोयरीक करून टाका, मंग पाठवा. वापस आल्यावर कोण करन?"

माझ्या ओठांवर शब्द आले होते, तेवढ्यात तिची आई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "भाऊ, तुह्या पोराले पुण्याले शिकाले पाठवलं, तवा कोणाच्या पोरीसंग सोयरीक करून पाठवलं होतं?"

मामा जेवून गेला.

*

निघायच्या दिवशी वरठीच्या स्टेशनवर अख्खा क्लब. हार, बॅनर, फोटोग्राफर. पल्लवीचे वडील तिची बॅग धरून तिच्या शेजारी उभे राहिले, तर सेक्रेटरी म्हणतो, "काका, थोडे बाजूले व्हा, बॅनर झाकून राहिला."

ते मुकाट्याने बाजूला झाले. स्वतःच्या लेकीच्या फोटोतून! माझ्या अंगाची लाही लाही झाली. बॅनरची एक दोरी माझ्या हाताशीच होती. मी ती सोडून दिली आणि बॅनर सेक्रेटरीच्या डोक्यावर आला.

"हवा आली," मी सांगितलं. त्या दिवशी झाडाचं पानही हलत नव्हतं.

*

आता शेवटचा किस्सा. ती पोहोचायची त्या रविवारी आमची मीटिंग होती. मला नॉर्वेहून फोन आला. तिकडच्या घरची बाई घाबरलेली. मुलगी दाराबाहेर कडाक्याच्या थंडीत उभी आहे, आत यायला तयार नाही. पाणी मागितलं म्हणून ग्लास दिला, तर तिने बूट काढून तो पायांवर ओतला!

मी सगळ्यांना सांगितलं आणि अध्यक्ष उसळले. "नाक कापलं. म्हणून म्हणत होतो, असल्या घरातली पोरगी पाठवू नका. परत बोलवा तिला." माना हलल्या. क्लबाने एक ईमेल केला असता तर पोरीचं वर्ष उंबरठ्यावरच संपलं असतं.

मी तिला फोनवर घेतलं. "पल्लवी, आत जा ना गं."

"कशी जाऊ मॅडम? बाहेरून आली, एका ग्लासात पाय कुठं धुऊन होते? इकडे पाव्हण्याच्या पायावर पाणी नाही देत का कोणी?"

अध्यक्षांच्या आईनेही जन्मभर दारी आलेल्याला तांब्याभर पाणी दिलं असणार. ते मी त्यांना तोंडावर सुनावलं, त्यांच्यापुढचा लॅपटॉप मिटला आणि त्या बाईला म्हटलं, "तिच्या पायांवर तुम्ही स्वतःच्या हाताने पाणी घाला. आमच्याकडे माणसाला असंच घरात घेतात."

चहा आला, तो निवला. अध्यक्ष घड्याळ बघत बसले.

थोड्या वेळाने फोटो आला. दारात पल्लवी, हातात वाफाळती किटली. पायरीवर ते म्हातारे आजोबा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. त्यांच्यामागे घरची बाई, तिचा नवरा, दोन मुलं, सगळे मोजे काढून थंडीत रांगेत उभे.

खाली बाईने लिहिलं होतं, "आता ती आम्हाला आत घेईना."