आमच्या घरातलं सगळं उष्ण

"हिला मागं बसव. ह्या तोंडानं वाढाय आली तर बायांच्या नरड्याखाली घास उतरायचा न्हाई."

वहिनीसाहेब हे ओरडून बोलल्या नाहीत. हसत बोलल्या, केसातला गजरा सारखा करता करता. बीडातल्या त्यांच्या बंगल्यात लेकीचं डोहाळजेवण होतं. गणपती नुकतेच उठले होते. दिवाणखान्यात झोपाळा फुलांनी मढवलेला, त्यावर लेक बसलेली, समोर बायांची पंगत. आणि पंगतीच्या मधोमध माझी वैशू. हातात कोशिंबिरीचं पातेलं.

एकोणीस वर्षांची पोर. माझी पिवळी साडी नेसलेली. आयुष्यातली पहिली साडी. आठ दिवस ती घरात दोरीवरची चादर गुंडाळून चालायचा सराव करत होती. गालावर, कपाळावर, हनुवटीवर मुरमं होती, लाल, टपोरी. त्यावर तिनं पावडर लावली होती, तीसुद्धा एवढी की मी सकाळी म्हणाले होते, "वैशे, बोरगावच्या जत्रेतला बहुरूपी दिसतीस." ती हसली होती.

आता हसली नाही. पातेलं धरून उभी राहिली. वाढायचा डाव कोशिंबिरीत तसाच.

मी ह्या घरात चौदा वर्षं स्वयंपाक करत होते. आणि स्वयंपाकापेक्षा माझ्या नकलांचं कौतुक जास्त होतं. मला सगळं करता येतं. नवी सून, जुनी सासू, मतं मागायला आलेला उमेदवार, दाराशी चिकटलेली शेळी. कार्यक्रम असला की वहिनीसाहेब मला स्वयंपाकघरातून बाहेर बोलवायच्या. "ये गं, जरा ह्यांना हसव." मी पदराला हात पुसत यायची आणि पाच मिनिटांत बाया पोट धरून लोळायच्या. खरं सांगते, मला त्यात लई मजा यायची. ज्या घरात मला चहा वेगळ्या कपात मिळायचा, त्या घरात पाच मिनिटं सगळ्यांच्या नजरा माझ्यावर असायच्या.

तर त्या दिवशी सगळ्या बाया गप्प झाल्या होत्या. वैशूकडं बघत होत्या, मग माझ्याकडं. शांतता मला सोसत नाही. ती मोडायची मला सवय. मी काय केलं?

ओटीच्या टोपलीत फळं होती. त्यातलं एक सीताफळ उचललं. वैशूजवळ गेले. तिच्या गालाला लावून धरलं. आणि फळवाल्याच्या आवाजात ओरडले,

"बघा बघा बघा! बालाघाटाचा माल! वरून डोळेच डोळे, आतून निस्ती साखर! घेता का बाई, घेता का?"

हसल्या. काय हसल्या! एकीला ठसका लागला. झोपाळ्यावरची लेकसुद्धा पोट धरून हसली. वहिनीसाहेबांनी डोळे पुसले. "लई वंगाळ हायस बाई तू," म्हणाल्या.

वैशूनं पातेलं खाली ठेवलं. हळूच, आवाज न करता. आणि मागं जाऊन मोरीपाशी बसली.

मला वाटलं, मी तिला वाचवलं. विनोद करून अपमान हलका केला. खरंच तसं वाटलं.

आणखी एक सांगते. त्या दिवशी झोपाळ्यावरच्या लेकीच्या हनुवटीवरही मुरमं होती. चांगली सात-आठ. बाया म्हणत होत्या आणि मीही म्हणाले, "तेज आलंय गं तोंडावर. दृष्ट काढा पोरीची." मी स्वतः मीठ-मोहरी ओवाळून तिची दृष्ट काढली. तिच्या तोंडावर आलं ते तेज. माझ्या पोरीच्या तोंडावर आलं ती घाण. हे मला तेव्हा दिसलं नाही. समोर होतं, तरी दिसलं नाही.

पंगत उठल्यावर वहिनीसाहेबांनी मला जवळ बोलवलं. दया आली होती त्यांना. म्हणाल्या, "तिचं खाणंच चुकतंय. उष्ण खाती तुमी लोकं. बंद कर समदं."

"काय काय बंद करू, वहिनीसाहेब?"

बोटांवर मोजत त्यांनी सांगितलं. बाजरी उष्ण. गूळ उष्ण. शेंगदाणा उष्ण. तीळ, कारळं, जवस उष्ण. लसणाची चटणी तर बघायची पण नाही. "दूध दे, काकडी दे, बदाम भिजवून दे. थंड पडलं पाहिजे अंग."

घरी येऊन मी डबे उघडले. एका डब्यात बाजरीचं पीठ, एकात शेंगदाणे, एकात गूळ, बरणीत कारळाची चटणी. आमच्या घरात जे होतं ते सगळं उष्ण. जे आमच्या घरात नव्हतं ते सगळं थंड. असा हा हिशेब. आणि मी त्याला मान हलवून आले होते.

मी आरंभशूर नाही. जे करते ते नेटानं करते. दुसऱ्या दिवसापासून वैशूच्या ताटातली भाकरी मी उचलली. चटणीची बरणी वरच्या फळीवर ठेवली. ती कॉलेजातून भुकेजून यायची, मी पुढ्यात काकडी आणि पेलाभर दूध ठेवायची.

"माय, अर्धी भाकर दे ना."

"तोंड बघ आरशात. मग माग."

हे वाक्य माझं आहे. कुठल्याही वहिनीसाहेबांचं नाही.

महिन्याभरात पोर वाळली. केस उशीवर पडायला लागले. मुरमं मात्र तशीच, उलट वाढलेली. आमच्या गल्लीत फळांचा गाडा लावणारी शकीलाआपा एकदा म्हणाली, "अगे, बच्ची को क्या हुआ? कावून इतकी सुकली?" तिनं गाड्यावरचं चांगलं पिकलेलं सीताफळ वैशूच्या हातात दिलं. वैशूला सीताफळ जीव की प्राण. लहानपणी एकेक बी चोखून ओळीत मांडायची आणि मोजायची. तिनं ते फळ गाड्यावर परत ठेवलं आणि झपाझपा चालत गेली. आपा माझ्याकडं बघत राहिली. मी म्हणाले, "पथ्य हाय तिला."

मग एक दिवस अंथरूण झटकताना तिच्या उशीच्या अभ्र्यातून फोलपटं पडली. शेंगदाण्याची लाल, पातळ फोलपटं. मूठभर. पोरगी आपल्याच घरात शेंगदाणे चोरून खात होती. फोलपटं उकिरड्यावर टाकली तर मला दिसतील म्हणून उशीत लपवत होती.

दुसरी आई असती तर तिथंच खाली बसून रडली असती. मी काय म्हणाले ते सांगते. मी म्हणाले, "चोरटे! म्हणून जात न्हाईत तुझी मुरमं!"

तिनं कान धरले. उठाबशा काढल्या. एकोणीस वर्षांच्या पोरीनं, मी न सांगता. पाच. आणि म्हणाली, "न्हाई खाणार आता, माय."

त्यानंतर तिनं खरंच खाल्लं नाही. बंद करायच्या यादीत फक्त बिस्किटं नव्हती, म्हणून चहा-बिस्किट खायची. दूध प्यायची. बाकी काही नाही. ताट पुढं आलं की आधी ताटाकडं बघायची, मग माझ्याकडं. ताटात विंचू असल्यासारखं बोट घालायची.

चतुर्थीला मी तिला लिंबागणेशच्या गणपतीला घेऊन गेले. नवस बोलायचा होता. पोरीचं तोंड स्वच्छ होऊ दे, एकवीस नारळ वाहीन. रांग मोठी होती, ऊन चढलं होतं. वैशू माझ्या पुढं उभी होती. एकदम माझ्या अंगावर पडली. मला वाटलं चेष्टा करती. तशी माझीच पोर. मग तिचे डोळे पांढरे झालेले दिसले.

बायांनी जागा केली. कोणी पाणी मारलं. एका म्हातारीनं आपल्या हातातला प्रसाद काढला, गूळ-खोबरं, आणि वैशूच्या ओठाला लावला. "खा बाळा, देवाचं हाय."

वैशूनं डोळे उघडले. ओठ घट्ट मिटले. मान फिरवून मला शोधलं. आणि म्हणाली,

"गूळ हाय, माय. उष्ण हाय. खाऊ का?"

देवळाच्या फरशीवर पडलेली पोर. शुद्धीवर आल्यावर तिचा पहिला शब्द हा. देवाचा प्रसाद तोंडाशी आणि परवानगी मागती आईची.

म्हातारी माझ्याकडं बघायला लागली. मला आयुष्यात पहिल्यांदा काही नक्कल सुचली नाही.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात गेलो. कातडीच्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी आधी वैशूचं तोंड बघितलं नाही, पापणी खाली ओढून डोळा बघितला, नखं बघितली. रक्त तपासलं. रक्त कमी निघालं. मग विचारलं, "काय खातेस?"

वैशूनं सांगितलं. डॉक्टरीण ऐकत गेली आणि माझ्याकडं बघत गेली.

"भाकरी कुणी बंद केली?"

वैशू म्हणाली, "मीच."

खोटं बोलली. माझ्यासाठी.

मी म्हणाले, "मी केली, डॉक्टर."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे सांगत गेल्या. "हे ह्या वयात होतं. भाकरीनं होत नाही, शेंगदाण्यानं होत नाही. मलम देते, रोज लावायचं, दोन-तीन महिने धीर धरायचा. गोड चहा, बिस्किटं, साखर जरा कमी केली तर काही जणांना फरक पडतो. दुधानंही काहींचं वाढतं, तुझं वाढतंय का बघ. पण पोटभर जेवायचं. भाकरी, डाळ, भाजी, शेंगदाणे, फळं, सगळं. गूळ थोडा." मग पेन खाली ठेवलं आणि मला म्हणाल्या, "मुरमं जातील, मावशी. पण ही ताटाला घाबरते. ते जायला जास्त वेळ लागेल."

म्हणजे बघा. जे बंद केलं त्यात दोष नव्हता. आणि जे चालू ठेवलं, बिस्किटं आणि दूध, नेमकं त्यावरच नजर ठेवायची होती.

मार्गशीर्षात बंगल्यावर बारसं होतं. पुरणाचा घाट मीच घातला. पाळणा म्हणून झाला, बाळाचं नाव ठेवून झालं, आणि दिवाणखान्यातून हाक आली.

"ये गं बाहेर! पावण्या आल्यात पुण्याच्या, ह्यांना ते सीताफळाचं करून दाखव!"

मी पदराला हात पुसत गेले. नेहमीसारखी. वहिनीसाहेबांनी टोपलीतला पेरू माझ्यापुढं धरला. "सीताफळं सरली. पेरू घे आणि कर." बाया आधीच हसायला लागल्या होत्या.

मी पेरू घेतला. हातात फिरवला. टोपलीत परत ठेवला.

"न्हाई करायची."

"अगं, लाजती कावून? कर की."

"लाजत न्हाई, वहिनीसाहेब. दुसरी नक्कल करते. नवी हाय."

मी दिवाणखान्याच्या मधोमध खाली झोपले. पाहुण्या खुदकल्या. मी डोळे मिटले, मग उघडले. ओठ घट्ट मिटले. मान फिरवून वहिनीसाहेबांकडं बघितलं आणि वैशूच्या आवाजात, हुबेहूब तिच्या आवाजात म्हणाले,

"गूळ हाय, माय. उष्ण हाय. खाऊ का?"

कोणीतरी हसली. एकटीच. मग तीही थांबली.

मी उठून बसले आणि सगळं सांगितलं. कोशिंबिरीचं पातेलं, सीताफळ, यादी, फोलपटं, उठाबशा. वहिनीसाहेब म्हणाल्या, "मी तर भल्यासाठी सांगितलं व्हतं." मी म्हणाले, "व्हय. तुमी सांगितलं आन मी केलं. तुमच्या लेकीच्या हनुवटीला तेज म्हणाले, माझ्या लेकीच्या गालाला सीताफळ म्हणाले. दोन्ही ह्याच तोंडानं."

लेकीचा हात हनुवटीवर गेला. मला तिचं वाईट वाटलं. तिचा काही दोष नव्हता.

बंगल्याच्या मागच्या दाराची किल्ली माझ्याकडं असायची, ती मी ओट्यावर ठेवली. पुरण शिजलेलं होतं, पोळ्या करायच्या राहिल्या होत्या. तशाच ठेवून आले.

आता मी मुलींच्या एका खानावळीत भाकऱ्या थापते. वैशूची मुरमं निम्मी गेली, डाग राहिले. डाग राहतील असं डॉक्टर म्हणाल्या. पोर जेवते. पण दुसऱ्या भाकरीला हात लावायच्या आधी अजून थांबते. अजून माझ्याकडं बघते.

"खाऊ का, माय?"

सुरुवातीला मी म्हणायची, "खा बाळा, खा." मग ध्यानात आलं, जी खा म्हणते तीच उद्या नको म्हणू शकते. तिला माझी परवानगी नको. तिला माझ्याकडं बघावंच लागू नये. म्हणून आता मी उत्तर देत नाही. ताटाजवळ भाकरी ठेवते आणि चुलीकडं तोंड फिरवते. पाठ करून बसते. मागं काही आवाज येतो का ऐकते. कधी भाकरी मोडल्याचा येतो. कधी येत नाही. येत नाही त्या दिवशीही मी वळून बघत नाही.

खानावळीत कोणी कोणाच्या तोंडावरून, ताटावरून बोललं तर मी तवा खाली उतरवते, भाकरी बंद. मालकिणीला सांगून ठेवलंय.

नकला मी सोडल्या नाहीत. वहिनीसाहेबांची तर मला झकास येते, हसण्यासकट, गजऱ्यासकट. ती करत नाही. मी माझी करते. हातात सीताफळ धरून ओरडणारी बाई. बारशात, डोहाळजेवणात, जिथं चार बाया बसतील तिथं करणार. चारचौघींना पोरीवर हसवलं होतं, तर आता चारचौघींतच सांगणार, सीताफळ माझ्या हातात होतं. ज्यांना हसायचं त्यांनी हसावं.

माझ्याकडं बघून हसावं.