म्यूटवरचा भूगोल

शेळके सरांवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

आज त्यांचा स्मृतिदिन. सकाळपासून स्टाफच्या ग्रुपवर हात जोडलेले इमोजी येतायत. मी काही टाकलं नाही, कारण मला भांडायचंय.

लॉकडाऊनचे पहिले दिवस. परतूरचं आमचं कॉलेज बंद झालं आणि आदेश आला, उद्यापासून ऑनलाइन शिकवा.
कसं, ते कोणालाच माहीत नव्हतं.

आमच्यात सगळ्यात सीनियर, भूगोलाचे शेळके सर. त्यांनी गच्चीवर स्टूल मांडलं, मोबाईल उभा केला, इस्त्रीचा शर्ट घातला आणि खडकांचे प्रकार शिकवायला घेतले.

आठवडाभर शिकवले.
म्यूटवर.

पोरं रोज जॉइन व्हायची, सरांचे हलणारे ओठ बघायची आणि शेवटी चॅटमध्ये 'थँक्यू सर' लिहून जायची.

मला कळलं तेव्हा मी डोक्याला हात लावला. वर्गातल्या आष्टीच्या एका मुलीला फोन केला. "अगं, सांगितलं का नाही?"

"मॅडम, सर इतकं मन लावून शिकवून राह्यले, मधी कसं टोकावं? बरं दिसत न्हाई ते."

सरांना मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते पोरांवर जाम तापले.
"सांगायला काय जातंय रे? तुम्ही गप बसले, मला वाटलं समजून राह्यलंय. मंग नुकसान कोणाचं झालं?"
आणि सगळे खडक पहिल्यापासून शिकवले.

पुढे काही दिवसांनी सरांचा कॅमेरा बंद राहायला लागला. विचारलं तर, "नेट कमजोर आहे मॅडम."
खोकला आला की स्वतःला म्यूट करायचे. आता ते बराबर जमायला लागलं होतं.

ताप होता त्यांना, हे नंतर कळलं. काकूंना, म्हणजे स्वतःच्या बायकोलाही, ॲसिडिटी सांगितली होती.
का, ते शेवटी जालन्याला नेताना काकूंना बोलले. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर गल्ली सील करून बांबू ठोकतील. शेजारच्या पोरीचं घरच्या घरी करायचं ठरलेलं लग्न अडेल. आपल्यामुळे लोकांना त्रास कशाला?

जालन्याच्या दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. आम्हाला शेवटचं बघताही आलं नाही.

त्या पोरीचं लग्न झालं, सर. थोडं पुढे गेलं, एवढंच. एवढ्यासाठी गप बसलात.

काकू अजून मला विचारतात, "मला तरी सांगायचं न्हाई का?"


नमस्कार करते सर, आणि तुम्ही पोरांना विचारलेलं तुम्हालाच विचारते.

सांगायला काय जात होतं?