बाबा थांबले की थांबणारा कॉम्प्युटर

लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करून पोट भरणारा माणूस मी, आणि माझ्याच घरातल्या कॉम्प्युटरने ऐन वेळी दगा दिला. शेजारी म्हणतात, नशीब. नशीब कसलं डोंबलाचं! माझीच अक्कल शेण खायला गेली होती.

कुणकेश्वरच्या अलीकडे आमचं गाव. तिथे बाबा गाऱ्हाणं घालायचे. कुणाचं लग्न असो, नवी होडी पाण्यात उतरायची असो, लोक नारळ घेऊन त्यांच्याकडे यायचे. देवापुढे नारळ ठेवून बाबा एकेक मागणं मांडायचे, थांबायचे, जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे, मग पुढचं. कागदावर यातलं एक अक्षर नव्हतं. आणि बाबांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनला आठ दिवस होते. तेवढ्यात त्यांचं गाऱ्हाणं त्यांच्याच आवाजात साठवून ठेवायचं, एवढं एकच काम माझ्यापुढे होतं.

खिशात मोबाईल होता. बायको म्हणालीसुद्धा, मोबाईलवर घ्या की. पण मी पडलो तज्ज्ञ! चांगला माईक आणला. कॉम्प्युटर माझ्याच हातचा, नवे पार्ट घालून जोडलेला. शांतता झाली की रेकॉर्डिंग आपोआप थांबेल, आवाज आला की पुन्हा सुरू होईल, असं सेटिंग करून ठेवलं. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि आईला बजावलं, मध्ये एक शब्द बोलायचा नाही.

बाबा सुरू व्हायचे. एक मागणं झालं की थांबायचे. उभ्या आयुष्याची सवय, ‘व्हय म्हाराजा’ आल्याशिवाय जीभ पुढे सरकेना. मी हाताने खुणा करायचो, बोला, बोला. आणि त्या शांततेत कधीतरी कॉम्प्युटर गोठायचा. माऊस हलेना, पडद्यावरचं घड्याळ जागच्या जागी. बटण दाबून बंद करून पुन्हा सुरू करावा, तर रेकॉर्ड झालेलं सगळं गेलेलं.

मी रॅम बदलली, पॉवर सप्लाय बदलला, खाऱ्या हवेने गंज धरला असेल म्हणून एकूण एक जोड पुसून काढला. दिवसभर व्हिडिओ लावून बघितलं, तर पठ्ठ्या एकदाही अडला नाही. पण बाबांना समोर बसवलं की थोड्याच वेळात गार.

चौथ्या दिवशी बाबा म्हणाले, “अरे, मी थांबलंय की ह्यो पण थांबता. तू जरा बघ.”

मी खेकसलो त्यांच्यावर. म्हटलं, तुम्हाला यातलं काय कळतं, तुम्ही फक्त न थांबता बोला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती मान हलवली आणि पाणी मागितलं. पाचव्या दिवसापासून आवाज फाटत गेला, सहाव्या दिवशी नुसती घरघर. मला मोबाईल काढायचं सुचलं तेव्हा घ्यायला काही उरलंच नव्हतं.

ऑपरेशन होऊन बाबा घरी आले. गळ्याला भोक, हातात पाटी. एका दुपारी मी कॉम्प्युटर सुरू करून तसाच सोडला आणि जेवायला बसलो. कुणी हात लावला नव्हता, तरी तो गोठला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. शोधाशोध केली. काम नसलं की प्रोसेसर वीज वाचवायला झोपतो, आधी हलका, मग गाढ. आमचा गाढ झोपेतून उठतच नव्हता. व्हिडिओ चालू असताना त्याला झोपायला सवड नसायची, म्हणून अडायचा नाही; बाबा थांबले की माझ्याच सेटिंगने रेकॉर्डिंग थांबायचं, त्याला काम उरायचं नाही आणि तो झोपायचा. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुळाशी असलेल्या सेटिंगमध्ये जाऊन ती गाढ झोप बंद केली. पाच मिनिटं लागली. नंतर तो एकदाही अडला नाही. बाबांनी चौथ्या दिवशी सांगितलं होतं ते हेच.

बाबांपुढे जाऊन बसलो. म्हटलं, बाबा, तुमचं खरं होतं, मी गाढव. त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘लाव’.

लावायला होतं काय? माईक तपासायला पहिल्या दिवशी घेतलेला एक तुकडा तेवढा सेव्ह केलेला होता. तो लावला. बाबांचा आवाज घरभर झाला. “बा देवा म्हाराजा, आज जी तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत, तेंची राखण कर.” त्यावर आईचा, “व्हय म्हा...” आणि तिला तोडत माझा, “आये, गप ऱ्हव!”

तुकडा तिथेच संपला. माझी मान वर होईना.

आई स्वयंपाकघरातून आली, पदराला हात पुसत उभी राहिली आणि म्हणाली, “व्हय म्हाराजा.”

बाबांनी डोळे मिटून हात जोडले. ओठ हलू लागले. पुढचं मागणं, मग त्याच्या पुढचं. ते थांबले की आई म्हणायची, आणि तिच्याबरोबर मीही. बाबा काय मागतायत ते कळत नव्हतं, तरी व्हय म्हणत होतो. शेजारी कॉम्प्युटर चालूच होता.